ताळा

गणिताच्या वहीत प्रत्येक पानावर उजवीकडे पट्टीने एक उभी रेघ मारलेली असते. रेघेच्या डावीकडे रीत, उजवीकडे कच्चं काम. डावीकडचं अक्षर नेटकं, बरोबरची चिन्हं एकाखाली एक, शेवटी उत्तराभोवती चौकट. उजवीकडे गुणाकार तिरपे कलंडलेले, हातच्याचे आकडे डोक्यावर बारीक काढलेले, एखादा भागाकार अर्ध्यात सोडलेला, सातावर गिरवून गिरवून केलेला नऊ. माझी भाची मुक्ता आठवीत आहे. तिची वही हातात आली की माझे डोळे आधी उजवीकडे जातात. डावीकडे शाळेने लावलेली शिस्त दिसते, उजवीकडे ती स्वतः दिसते. तिथे कळतं की चौदा सक चौऱ्याऐंशी तिच्या तोंडात बसलेलं नाही. ती दहा सक साठ, चार सक चोवीस, असे दोन तुकडे करते आणि जोडते. उसना घेताना ती शेजारच्या आकड्यावर काट मारत नाही, खाली फक्त एक टिंब देते. शंभराच्या जवळपासची वजाबाकी ती आधी शंभरापर्यंत पोचून करते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

वही तपासताना ही बाजू सहसा पाहिली जात नाही. गुण सगळे डावीकडे. काम संपलं की कच्च्या कामावर आडवी रेघ मारून टाकायची, अशीही पद्धत आहे. मला ती रेघ आवडत नाही. उत्तर सगळ्यांचं सारखं येतं; तिथवर कोण कसं चालत गेलं ते या अरुंद पट्टीतच राहतं.

संध्याकाळी सातच्या सुमारास ती वर येते. नाशिकला आमचं घर एकच. खाली भाऊ-वहिनी, वर आई आणि मी. टेबलावरचं तांदळाचं ताट सरकवून तिच्या वहीला जागा होते. हल्ली ‘एकचल समीकरणे’ चालू आहे. पुस्तकात चलासाठी एक्स असतो, मी सवयीने क्ष म्हणते, आणि माझ्यासमोर बसली की तीही क्षच लिहिते. परवाचं समीकरण होतं ५(क्ष − २) = ३क्ष + ४. तिने कंस सोडवला, ५क्ष − १० आलं. क्ष असलेली पदं एकीकडे नेली, नुसत्या संख्या दुसरीकडे. २क्ष = १४. क्ष = ७. चौकट काढली आणि वही माझ्याकडे वळवली.

“आत्या, बरोबर आहे का बघ ना.”

“ताळा पाहिलास?”

“तू नुसतं सांग की, हो का नाही.”

“मी कशाला सांगू? सात घाल आणि बघ.”

तिने घातला. सातातून दोन गेले पाच, पाचा पाचा पंचवीस. उजव्या बाजूला तीन साते एकवीस आणि चार, पंचवीस. तिने मान वर केली नाही. माझ्याकडे पाहायची तिला गरजच उरली नव्हती. वही परत आपल्यापुढे ओढून ती पुढचं उदाहरण उतरवू लागली.

त्या क्षणासाठी मी रोज तिच्याजवळ बसते, असं म्हटलं तरी चालेल. तेरा वर्षांच्या मुलीच्या दिवसात आपलं बरोबर की चूक हे दुसरंच कुणीतरी ठरवत असतं. निबंध बरा की वाईट ते बाई ठरवतात. सनावळ्या पुस्तक सांगतं. केस कसे बांधायचे, कुणाशी किती बोलायचं, आवाज केवढा असावा, यावर घरातल्या प्रत्येकाचं काहीतरी मत असतं. मैत्रिणीशी बिनसलं तर कोण बरोबर होतं ते आठवडाभर कळत नाही. आणि इथे, एका कागदावर, पंचवीस आणि पंचवीस समोरासमोर येतात आणि विषय मिटतो. त्यात माझं वय लागत नाही, बाईंचा अनुभव लागत नाही, पुस्तकामागची उत्तरसूची लागत नाही. उत्तरसूचीत छपाईची चूक असू शकते. ताळा पाहिलेलं मूल ती चूक दाखवून देऊ शकतं, आणि सगळ्या वर्गाला ते मान्य करावं लागतं. इतक्या लहान वयात इतकं निर्विवाद काही हाती लागण्याची दुसरी जागा मला माहीत नाही.

आता फोन आहे. उदाहरणाचा फोटो काढला की उत्तर येतं, पायऱ्यांसकट येतं. मुक्ताच्या वर्गातली मुलं ते करतात, कधी तीही करते, आणि मला त्यात आरडाओरडा करण्यासारखं काही वाटत नाही. आमच्या वेळी गाईड होती, त्याआधीच्यांना हुशार मोठा भाऊ होता. उत्तर मिळवण्याच्या वाटा नेहमीच होत्या. पण दुसऱ्याकडून आलेलं उत्तर, ते कितीही अचूक असो, मुलाला पुन्हा विचारायलाच लावतं: हे बरोबर ना? ताळ्यानंतर तो प्रश्न उरत नाही. म्हणून मी तिला एवढंच सांगते, उत्तर हवं तिथून आण, ताळा मात्र स्वतः पाहा.

ताळ्याची पहिली ओळख मला आजोबांकडून झाली. सिन्नरला त्यांचं किराणा दुकान होतं. रोजकीर्दीचं पान भरलं की ते बेरीज वरून खाली एकदा करत आणि खालून वर एकदा. दोन्ही वेळा तीच आली तरच खाली रेघ ओढत. घाई असली, बाहेर गिऱ्हाईक उभं असलं, तरी दुसरी फेरी चुकली नाही. वरून खाली जाताना सात आणि आठ जिथे भेटतात तिथे ते खालून वर येताना भेटत नाहीत, म्हणून एकदा झालेली चूक दुसऱ्यांदा त्याच जागी होत नाही, असं ते सांगत. मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. शाळेत असं कारण कुणी सांगितलेलं नव्हतं. तिथे ताळा म्हणजे वजाबाकीखाली लिहायची आणखी एक ओळ होती.

दिवेलागणीला शुभंकरोति झालं की परवचा. पाढे तीसपर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आणे १९५७ साली गेले होते, शेर आणि मणही दुकानातून हद्दपार झाले होते, पण आजोबांच्या बोलण्यात ते सगळं शाबूत होतं. चाळीस शेरांचा एक मण आणि सोळा आण्यांचा एक रुपया. अडीच शेर म्हणजे मणाचा सोळावा हिस्सा. तेव्हा मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे. मणाचा भाव चोवीस रुपये, तर अडीच शेराला चोवीस आणे, म्हणजे दीड रुपया. कागद नाही, पेन्सिल नाही. अडीचकी आणि औटकी कशाला पाठ करायच्या, हा प्रश्न त्यांच्या लहानपणी कुणाला पडलाच नसणार. उत्तर समोर तराजूत होतं. मी पाठ केल्या तेव्हा तराजूत किलो आणि ग्रॅम होते. तरीही त्या मला आवडायच्या. दोनाचे सव्वापट अडीच, तिनाचे पावणेचार, चाराचे पाच: पूर्णांक सुटतो, पाव-पाव करत पुढे सरकतो आणि चौथ्या पावलाला पुन्हा पूर्णांकावर येतो. अपूर्णांकाची भीती मला कधी वाटली नाही ती यामुळे. शाळेच्या पुस्तकात तो आडव्या रेघेच्या वर आणि खाली चढून बसायच्या कितीतरी आधी माझ्या तोंडात रुळलेला होता.

नवाचा ताळाही आजोबांनीच दाखवला. सत्तेचाळीस गुणिले अडतीस, सतराशे शहाऐंशी. आता ४७ मधले आकडे मिळवा, चार आणि सात अकरा, एक आणि एक दोन. ३८चे तसेच अकरा आणि मग दोन. दोन दुणे चार. उत्तराचे आकडे मिळवा, एक, सात, आठ, सहा, बावीस. दोन आणि दोन चार. जमलं. मुक्ताला हे दाखवलं तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, का जमतं? दहा म्हणजे नऊ आणि एक, शंभर म्हणजे नव्याण्णव आणि एक. नऊ-नऊ काढून टाकत गेलं तर प्रत्येक आकडा आपल्यापुरता उरतो, आणि नवाने भागल्यावरची बाकी हीच त्या उरलेल्यांची बेरीज. मग तिने दुसरं काहीतरी केलं ज्याने मला फार आनंद झाला. उत्तरातले शेवटचे दोन आकडे तिने मुद्दाम उलटे लिहिले, १७६८, आणि ताळा पाहिला. एक, सात, सहा, आठ. बावीस. चार. जमला.

“आत्या, हा ताळा फसतो.”

फसतोच. आकडा चुकला तर बहुतेक वेळा पकडतो, आकड्यांची जागा चुकली तर त्याला दिसत नाही. सत्तेचाळीस ऐकून चौऱ्याहत्तर लिहिणाऱ्या मुलाला तो वाचवणार नाही. आजोबांना हे माहीत होतं का, मला आठवत नाही. त्यांच्या वरून-खाली, खालून-वर फेऱ्यांचं महत्त्व मात्र मला त्या संध्याकाळी नव्याने कळलं. ताळा पाहणाऱ्याने, आपला ताळा काय पाहू शकतो आणि काय नाही, हेही जाणून असावं लागतं. मुक्ताला ते आठवीतच उमगलं.

वहीच्या शेवटच्या पानांवर तिचा एक वेगळाच उद्योग चालू असतो. तो आमच्या जवळच्या एका माणसाने लावलेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि १९३० ते १९६२ या काळात देवळालीच्या शाळेत शिकवत होते. देवळाली आमच्यापासून फार लांब नाही. मुक्ता लष्करी भागातल्या त्या सावलीच्या रस्त्यांवरून कितीदा गेलेली आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत. आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करा. आलेल्या संख्येला पुन्हा तेच. मुक्ताने आपलं जन्मसाल घेतलं, २०११. २११० वजा ०११२, १९९८. मग ९९८१ वजा १८९९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ ला तेच केलं तर ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच याल. यासाठी वजाबाकीपलीकडे काही यावं लागत नाही. चौथीतलं मूल हे करून पाहू शकतं, आणि जगात हे पहिल्यांदा पाहिलं ते देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी.

कापरेकरांच्या कामाला त्यांच्या काळात गणित म्हणून फारसं कुणी गंभीरपणे घेतलं नाही. आकड्यांशी खेळणारा माणूस, अशी त्यांची ओळख राहिली. मार्टिन गार्डनरने १९७५ साली आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा बाहेरच्या जगात नाव पोचलं. १९८६ साली ते गेले. मी त्यांचा विचार करते तेव्हा मला वाटतं, या माणसाचं सगळं आयुष्य रेघेच्या उजव्या बाजूला गेलं. ज्या पट्टीवर इतर लोक काट मारून पुढे जातात तिथे ते थांबले, पुन्हा वजाबाकी केली, पुन्हा केली. मुक्ताला मी हे सांगितलं नाही. तिला ६१७४ पुरेसं आहे.

बीजगणिताचा गृहपाठ एका शब्दाने सुरू होतो: समजा. समजा, ती संख्या क्ष आहे. समजा, मुलीचं वय क्ष वर्षे आहे. मला या ओळीचं अजूनही नवल वाटतं. जे माहीत नाही त्याला एक अक्षर द्यायचं आणि त्याच्याशी माहीत असल्यासारखं वागायला लागायचं: त्याची दुप्पट करायची, त्यातून पाच वजा करायचे, त्याला समीकरणाच्या एका बाजूवरून दुसरीकडे न्यायचं. शेवटी ते स्वतःच आपलं नाव सांगतं. अंकगणितात आपण माहीत असलेल्यापासून निघतो. बीजगणितात जे हवं आहे त्याच्यापासूनच निघायचं. मुलांना सुरुवातीला हे अडतं ते बेरीज-वजाबाकीमुळे नाही. कंचेभागुबेव सगळ्यांना पाठ असतं. त्यांना अडतं ते हे की, अजून सापडलंच नाही त्याला लिहायचं कसं.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त याहून जुनी एक वाट आहे. हा ग्रंथ ११५० सालचा. त्यातली कितीतरी उदाहरणं कुणा मुलीला समोर बसवून विचारल्यासारखी आहेत, आणि त्यात भुंगे, हंस, मोर, साप, कमळं, मोत्यांच्या तुटलेल्या माळा असं सगळं येतं. एका उदाहरणात भुंग्यांचा थवा आहे. पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग दुसऱ्या एका फुलावर, या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्याच्या फुलांवर, आणि एक भुंगा केतकी आणि मालती यांच्या वासांमध्ये इकडे की तिकडे करत घुटमळतो आहे. तर भुंगे किती? मुक्ताने लगेच ‘समजा क्ष’ लिहिलं. मी म्हटलं, थांब, त्यांच्या रीतीने करू. कुठलीही सोयीची संख्या धर. तिने तीस धरली, पाचाने आणि तिनाने भाग जातो म्हणून. पाचवा भाग सहा, तिसरा भाग दहा, फरक चार, त्याची तिप्पट बारा. सहा, दहा आणि बारा, अठ्ठावीस. उरले दोन. पण हवा आहे एक. म्हणजे तीसच्या निम्मे. पंधरा. तिने ताळा पाहिला: तीन, पाच, सहा, आणि एक घुटमळणारा. पंधरा.

“म्हणजे चुकीचं उत्तर धरूनच सुरुवात करायची?”

“हो. फक्त किती चुकलं ते नीट मोजायचं.”

या रीतीला इष्टकर्म म्हणतात. ती सगळीकडे चालत नाही. जिथे सगळं प्रमाणात वाढतं आणि घटतं तिथेच चालते. पण जिथे चालते तिथे तिच्यात एक मोठा दिलासा आहे, आणि गणिताची धास्ती घेतलेल्या मुलांना मी हीच आधी दाखवीन. काहीतरी धर. चूक असू दे. चुकीच्या उत्तरातूनच खरं उत्तर मोजून काढता येतं.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला होता. त्याचा शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. तो संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत, आणि त्यात पाटणच्या बाजारात उघडणाऱ्या मालातून मठाला किती वाटा द्यायचा हे लिहिलेलं. म्हणजे भुंग्यांचं आणि हंसांचं गणित शिकणाऱ्या मुलांचं पोट बाजारातल्या मापा-मापांच्या हिश्शांवर चालायचं. सिन्नरच्या दुकानातला परवचा आणि ‘लीलावती’ यांच्यामध्ये मला पूर्वी फार मोठं अंतर वाटायचं. त्या शिलालेखाबद्दल वाचल्यापासून तितकं वाटत नाही.

वयांची उदाहरणं मुक्ताला आवडत नाहीत. ती म्हणते, सरळ विचारा ना त्यांना वय. मला मात्र ती सगळ्यात आवडतात. परवा एक होतं: आईचं वय मुलीच्या वयाच्या चौपट आहे, पाच वर्षांनी ते तिप्पट होईल. मुलगी क्ष, आई ४क्ष; ४क्ष + ५ = ३(क्ष + ५); क्ष दहा. आई चाळीस. पाच वर्षांनी पंधरा आणि पंचेचाळीस, ताळा जमला. मुक्ता पान उलटणार तेवढ्यात मी विचारलं, दुप्पट कधी होईल? तिने केलं. मुलगी तीस, आई साठ. अंतर तीसचं तीसच राहिलं. चौपटीची तिप्पट झाली, तिपटीची दुप्पट. आई आणि मूल यांच्यातल्या वर्षांची वजाबाकी जन्मभर बदलत नाही, भागाकार बदलत जातो. आधी भराभर, मग सावकाश. मी जन्मले तेव्हा आई चोवीस वर्षांची होती. माझ्या पहिल्या वाढदिवसाला ती माझ्या पंचवीसपट होती. मी चोवीसची झाले तेव्हा दुप्पट. त्या सुमारास आम्ही दोघी पहिल्यांदा मैत्रिणींसारख्या बोलायला लागलो, हे नंतर माझ्या लक्षात आलं. आता मी अठ्ठेचाळीस, ती बाहत्तर. दीडपट.

“मग सव्वापट कधी?” मुक्ताने माझ्या आधी विचारलं, आणि उत्तरही काढलं. क्ष आणि चोवीस म्हणजे सव्वा क्ष. म्हणजे पाव क्ष चोवीस. क्ष शहाण्णव. “आजी, तू एकशेवीस वर्षांची होशील ना, तेव्हा आत्याच्या सव्वापट होशील!”

आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. ती म्हणाली, “बरं. लक्षात ठेव हो मग.”

शहाण्णवची पावकी चोवीस. शहाण्णव आणि चोवीस एकशेवीस. रीत चोख, ताळा चोख. मी त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिले.

‘बीजगणिता’त भास्कराचार्यांनी एक माकडांचा कळप दिला आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करा, जे येईल त्याचा वर्ग करा, तेवढी माकडं गुहेत गेली. एक बाहेर फांदीवर दिसतं आहे. तर एकूण किती? इथे वर्गसमीकरण येतं आणि उत्तरं दोन निघतात, पन्नास आणि पाच. पन्नासचा पाचवा भाग दहा, तीन गेले सात, साताचा वर्ग एकोणपन्नास, आणि फांदीवरचं एक. जमलं. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले उणे दोन, उणे दोनचा वर्ग चार, आणि फांदीवरचं एक. तेही जमलं. भास्कराचार्य पाच हे उत्तर घेत नाहीत. एका माकडातून तीन माकडं वजा होणं लोकांना पटत नाही, एवढंच कारण ते देतात. मला हे कारण फार मोलाचं वाटतं. ज्या माणसाला ऋण संख्यांचे नियम तळहातासारखे ठाऊक होते, ज्याने दोन्ही मुळं स्वतः काढली, तो ताळा जमलेलं एक उत्तर बाजूला ठेवतो, कारण प्रश्न माकडांचा होता. समीकरणाला माकडं माहीत नसतात. ते आपण प्रश्नातून उचललेलं असतं, आणि उत्तर पुन्हा प्रश्नापर्यंत नेऊन पोचवायचं कामही आपलंच राहतं. पुस्तकातल्या उदाहरणांत बारा मजूर रोज सारखंच काम करतात, कुणी आजारी पडत नाही, पाऊस येत नाही. टाकीला वरून एक नळ आणि खालून एक नळ, आणि मधे कुणी बादली भरून नेत नाही. हे सगळं वगळूनच तर समीकरण तयार होतं. वगळलंय हे माहीत असलं म्हणजे झालं. मुक्ताला हे कसं सांगायचं, याचा मी अजून विचार करते आहे. ताळा तुझा तू पाहा, असं मीच तिला शिकवलं. ताळा जमूनही एखादं उत्तर सोडून द्यावं लागतं, हे तिला कळायला वर्गसमीकरणांपर्यंत थांबावं का?

काल ती आली ती समीकरण घेऊनच. पुस्तकातलं नव्हे. शाळेच्या रिक्षात मुलं एकमेकांना कोडी घालतात: मनात एक संख्या धर, तीन मिळव, दुप्पट कर, सहा वजा कर, निम्मे कर, आता तुझीच संख्या आली की नाही? एका मुलाने हिच्यावर हे चालवलं होतं. माझीच संख्या परत आली कशी ते मी समीकरण मांडून काढणार, असं तिने ठरवलं. डावीकडे सगळ्या क्रिया, उजवीकडे क्ष. कंस सोडवला, २क्ष + ६ − ६, मग निम्मे, क्ष = क्ष. क्ष इकडे आणला. शून्य बरोबर शून्य.

“आत्या, क्षच गेला.”

“ताळा बघ.”

“कशाचा? उत्तरच नाही आलं.”

“सात घाल.”

सात जमला. तिने शंभर घातला, जमला. मग माझ्याकडे न पाहता उणे तीन घातला, कंसात शून्य आलं, त्याची दुप्पट शून्य, वजा सहा, निम्मे, उणे तीन. जमला. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

“सगळेच कसे जमतील? एखादा तरी न जमणारा असेलच ना.”

मी काही बोलले नाही. तिने दीड घालून पाहिला.